कवितेत आधीच मेलेली प्रमिला

प्रमिला काविळीनं गेली. हे सुरुवातीलाच स्वच्छ लिहून टाकते, कारण गेल्या दीड-दोन महिन्यांत या शहरात जो भेटला त्यानं मला तिच्या मरणाचं कारण वेगळंच सांगितलं. कुणी म्हणालं, शेवटी हृदयच ते, किती सोसणार. कुणी म्हणालं, आयुष्यभर आतल्या आत जळत होती बिचारी. एका बाईंनी तर भर गोकुळपेठेच्या बाजारात, वांग्यांच्या ढिगासमोर माझा हात हातात घेतला आणि डोळे मिटून 'प्रेमभंग माणसाला सावकाश मारतो हो' असं ऐकवलं. अहो, दूषित पाणी! मे महिन्यात त्यांच्या वस्तीत काविळीची साथ आली, घरोघरी माणसं पडली, त्यात प्रमिलाही पडली आणि उठली नाही. लिव्हर गेलं. हृदय शेवटपर्यंत ठणठणीत होतं, डॉक्टरांनीच तसं सांगितलं. पण लिव्हरवर कुणी कविता करत नाही, त्यामुळे ते कुणाला पटत नाही.

बातमी तिच्या भावानं आणली. रामभाऊ सकाळी सायकलवरून आला आणि फाटकाशीच उभा राहिला, आत येईना. "ताई, प्रमिला गेली जी," म्हणाला. मी विचारलं, कधी? "आत्ताच, सकाळी. मी चहा आणाले खाली गेलो होतो..." एवढं बोलून तो सायकलच्या घंटीकडे बघत राहिला. मग एकदम विचारलं, "थे माळ हाय ना तिच्या गळ्यात. काढाची का राहू द्याची?" नरखेडकडच्या एका वैद्यानं दिलेली काविळीची माळ होती ती. देठांची असते, दिवसागणिक लांबत जाते, आणि माळ लांबली की कावीळ उतरते असं आपल्याकडे मानतात. रामभाऊ ऐन उन्हात दोन एसट्या बदलून ती घेऊन आला होता. मी म्हटलं, राहू दे.

त्याच्या दोनच दिवस आधी मी तिला दवाखान्यात भेटले होते. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, पण जीभ तीच. मी माळेवरून चिडवलं, "एम. ए. इंग्रजी, आणि गळ्यात हे?" तर म्हणाली, "भावानं आणली, घातली. माळ वाढून राहिली अन् मी घटून राहिली, पाह्य." आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, "वसू, माझी शोकसभा होईल. तो येईल. त्याच्याजवळ कविता तयारच आहे, नवी लिहायचाही त्रास नाही." मी म्हटलं, काहीतरी अभद्र बोलू नकोस. "ऐक तर. त्याची कविता वाचून झाली की विचार त्याला. मी वर्गात विचारते ते. एवढं कर, शिष्टासारखी गप्प बसू नको." मी हो म्हटलं. आजारी माणसाला आपण कशालाही हो म्हणतो, पण हे मी मनापासून म्हटलं होतं.

तो म्हणजे कोण, हे सांगायला हवं. त्याचं नाव मात्र मी लिहिणार नाही. आयुष्यभर त्यानं तिच्या जिवावर ओळी मिळवल्या, त्यात माझी एक कशाला. आपण त्याला कविवर्य म्हणू. विदर्भातल्या कुठल्याही साहित्यिक कार्यक्रमात, खांद्यावर शाल आणि आवाजात कंप घेऊन विरहाच्या कविता म्हणणारा जो माणूस तुम्ही पाहिला असेल, तोच.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही तिघं विद्यापीठात होतो. मी मराठीला, ती दोघं इंग्रजीला. प्रमिला गोळीबार चौकाकडच्या कोष्ट्यांच्या वस्तीतली, विणकराघरची मुलगी. पुढच्या खोलीत वडिलांचा खड्ड्याचा माग, त्याच्या पलीकडे चूल, आणि मधल्या जागेत कंदिलाएवढ्या उजेडात ही पालथी पडून इंग्रजी कविता मोठ्यानं वाचायची. मोठ्यानं नाही वाचली तर मागाच्या खटखटीत तिचं तिलाच ऐकू यायचं नाही. तिची आई समोर चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसलेली असायची. एकदा मी तिथं असताना आईनं विचारलं, "काय वाचून राहिली वं एवढं?"

"एक माणूस रडून राहिला आई. त्याची आवडती पोरगी गेली."

"कुठी गेली?"

"थे नाही लिहिलं."

"असं कसं? एवढा रडून राहिला अन् थे पोरगी कुठी गेली त्याचा पत्ता नाही? मले त पोरीचंच पुढचं आयकाचं होतं."

प्रमिला तेव्हा पोट धरून हसली. मीही हसले. मग तिनं पान उलटून पुढची कविता काढली, तीत मुलगी थडग्यात होती. त्याच्या पुढच्या कवितेत मुलगी चंद्रासारखी थंड आणि निष्ठुर होती. "आई, एक मेली अन् एक निष्ठुर निघाली," प्रमिलानं ओरडून सांगितलं. आईनं मान हलवली आणि चरखा फिरवायला लागली.

कविवर्य तेव्हा कवी नव्हता, नुसता देखणा होता. धंतोलीत बंगला, इस्त्रीचा सदरा, मागे वळवलेले केस. ग्रंथालयात तिच्या समोरच्या खुर्चीत बसायचा. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या तरुण इंग्रज कवींचं दुःख त्याला असं काही चढलं होतं की, त्याला स्वतःला अजून काही दुःख नाही याचीच खंत असायची. पुढे ते फुटाळा तलावावर फिरायला जाऊ लागले, तो तिच्या घरी येऊ लागला, आईच्या हातचा पाटवडीचा रस्सा नाक पुसत पुसत खाऊ लागला. सगळ्या वस्तीला माहीत झालं. तिच्या वडिलांनी एक दिवस माग थांबवून त्याला सरळ विचारलं, "मंग कसं करता, पाहुणे?" त्यानं त्यांच्या पायांना हात लावून सांगितलं की परीक्षा झाली की घरी बोलतो. मी तिथं होते. म्हणून तर आज माझा इतका जळफळाट होतो.

परीक्षा झाल्यावर तो काटोलला गेला. तिथं त्याच्या मामांची संत्र्याची बाग होती. चार दिवसांत येतो म्हणाला आणि महिनाभर आला नाही. आला त्या दिवशी आम्ही दोघी एसटी स्टँडवर त्याला घ्यायला गेलो होतो. तो उतरला तो संत्र्यांची करंडी घेऊन, आणि उतरताच रडायला लागला. त्याच्या आईनं अन्न सोडलं होतं म्हणे. विणकराघरची सून आणलीस तर माझं तोंड बघू नकोस म्हणाली होती. म्हणून त्यानं तिथल्याच एका मुलीशी साखरपुडा करून टाकला होता. 'करून टाकला' हे त्याचेच शब्द. आणि हे सांगताना तो असा हमसाहमशी रडत होता की कंडक्टर थांबले, पोतं घेतलेली माणसं थांबली, एका म्हातारीनं प्रमिलाला दटावलं, "काहून रडवलं वं त्याले?" प्रमिलानं त्याला बाकावर बसवलं, करंडीतलं एक संत्रं सोललं आणि फोडी त्याच्या हातावर ठेवल्या. तिचं लग्न मोडलं होतं आणि समजूत तीच घालत होती. रडण्याचा पहिला मानही त्यानंच घेतला. तो गेल्यावर करंडी आमच्याकडेच राहिली. पुढे कितीतरी वर्षांनी तो विषय निघाला की प्रमिला म्हणायची, संत्री मात्र गोड होती हो.

ती रडली नाही असं मी म्हणणार नाही. दिवाळीपर्यंत रडली. पण त्या घरात रडायला वेगळी खोली कुठली! ती चुलीमागे तोंड लपवून बसायची, आणि तिचे वडील तेवढे दिवस माग थांबवायचे नाहीत. सूत असो नसो, दिवस मावळल्यावरसुद्धा रिकामा माग हाणत बसायचे, पोरीचा आवाज भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून. शेजारी विचारायचे, बाबाजी, एवढी कुठली ऑर्डर आली? ते म्हणायचे, "आहे एक." या आवाजावर या शहरात कुणी ओळ लिहिली नाही. कविवर्यानं तर नाहीच, कारण तो ऐकायला तो तिथं नव्हता.

तो तेव्हा कविता लिहीत होता. लग्नानंतर दोन वर्षांत त्याचा संग्रह आला, आणि त्या संग्रहात प्रमिला मेली होती. अगदी चितेसकट. पांढरं वस्त्र, मिटलेले डोळे, राख उडवणारा वारा, आणि एकाकी उभा असलेला हा. नाव नव्हतं, पण फुटाळा होता, मागाची खटखट होती, कपाळावरची बटसुद्धा होती. इंग्रजी कवितेत प्रेयसीला मरण येतं म्हटल्यावर यानंही आपलीला मारून टाकलं. जिवंत ठेवली असती तर तिला टाकून जाणारा कोण, हे सांगावं लागलं असतं. मेलेल्या मुलीला टाकून जाता येत नाही. उलट तीच टाकून गेली असं म्हणता येतं, आणि त्यानं तसं म्हटलंही.

प्रकाशनाला आम्ही दोघी गेलो. प्रमिलाच मला ओढून घेऊन गेली. शेजारी बसलेल्या एका प्रौढ बाईंनी कविता ऐकून पदर डोळ्यांना लावला आणि आमच्याकडे झुकून म्हणाल्या, "ऐन तारुण्यात गेली हो पोर."

"हो का? कशानं?" प्रमिलानं विचारलं.

"क्षय झाला होता म्हणतात."

प्रमिला यावर दोनदा खोकली. बाई जरा सरकून बसल्या. बाहेर आल्यावर ती रस्त्यात उभी राहून इतकी हसली की मला तिला सावरावं लागलं... आणि मग म्हणाली, "वसू, माझी राखसुद्धा उडवली गं यानं. विचारलं पण नाही." तेव्हा ती हसत नव्हती.

पुढची वीस वर्षं या शहरानं मेलेल्या प्रमिलाचं दुःख केलं आणि जिवंत प्रमिला त्याच शहरात हिंडत राहिली. आमच्याच कॉलेजात ती इंग्रजी शिकवायला लागली. सुरुवातीला सायकल होती, मग लुना आली. भावानं मागावर विणलेलं सुती, जरीच्या काठाचं पातळ नेसायची, दुसरं नाही. तर्री-पोह्यावर तिचा जीव. गाण्याचा आवाज भयानक आणि गायची हौस त्याहून मोठी. भावाच्या दोन्ही मुलींना तिनं शिकवलं. लग्न केलं नाही ते त्याच्यासाठी, असं जे आता छापून येतंय ना, ते धादांत खोटं आहे. उमरेडचं एक चांगलं स्थळ आलं होतं, गृहस्थ तिला आवडलेही होते. त्यांनी नोकरी सोडायला सांगितली, हिनं त्यांना सोडलं. संपलं. यात कुठला विरह आला?

तिचा वर्ग वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत भरायचा आणि माझा शेजारच्या. मधे नुसती लाकडी फळ्यांची भिंत. त्या इंग्रजी विरहकविता ती कशी वाचायची हे मी वर्षानुवर्षं ऐकलंय. टिंगल करत नव्हती ती. जीव ओतून वाचायची, मागच्या बाकांवरची टवाळ पोरंही गप्प व्हायची. शेवटची ओळ संपली की ती पुस्तक मिटायची आणि विचारायची, "आणि ती?" पहिल्या वर्षी मुलांना कळायचंच नाही. मग ती सांगायची, "हा रडतोय, दुःख खरं आहे, मला खोटं वाटत नाही. पण त्या दुःखात माणसं दोन होती आणि बोलतोय एकच. ती कुठं आहे? त्या दिवशी जेवली का? तिला कुणी विचारलं? शोधा." पोरं कविता उलटीपालटी करायची, आणि ती कुठे सापडायची नाही. पुढे पुढे रीतच पडून गेली. कुणीही कविता वाचून संपवली की सगळा वर्ग एका आवाजात म्हणायचा, "आणि ती?" माझ्या वर्गातली मुलं भिंतीपलीकडून ते ऐकून हसायची. माझीही ओळ चुकायची.

कविवर्य एकदा आमच्या कॉलेजच्या वाङ्मय मंडळात पाहुणा म्हणून आला. हार घालायचं काम नेमकं प्रमिलाकडे. तिनं घातला. त्यानं चितेची कविता तिच्यादेखत म्हटली, एक शब्द अडखळला नाही. नंतर शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना हळूच तिच्याजवळ येऊन म्हणाला, "प्रमिला, रागावली नाहीस ना? कवितेला मरण लागतं गं." ती बशीत चहा ओतत म्हणाली, "मग तुम्ही मरायचं होतं ना. माझं काहून घेतलं?" त्यानं ते विनोदावर नेलं. त्याला सगळंच कशावर तरी नेता यायचं.

अशा माणसाला आमच्या प्राचार्यांनी शोकसभेत मुख्य वक्ता म्हणून बोलावलं. कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यात सभा ठरली. एवढ्यावरच थांबलं नाही. प्रमिलाचा फोटो तिच्या वर्गात लावायचा होता आणि फोटोखाली त्याच कवितेच्या चार ओळी रंगवून घ्यायच्या असं प्राचार्यांनी ठरवलं. मी तडक त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, त्या कवितेत ती मेलेली आहे. वीस वर्षं." प्राचार्य शांतपणे म्हणाले, "बाई, आता तर खरोखरच..." यावर मी जे बोलले ते वर्तमानपत्राच्या या पुरवणीत छापण्यासारखं नाही. ते एवढंच म्हणाले की सभा होऊ द्या, मग बघू. म्हणजे जिच्यापुढे उभं राहून तिनं वीस वर्षं शिकवलं, त्याच भिंतीवर तिच्याच फोटोखाली त्याची राख उडणार होती, आणि नवीन मुलं तेच वाचणार होती.

सभेला हॉल भरला होता. रामभाऊ मागे दाराशी उभा होता, किती सांगितलं तरी पुढे बसेना. जुने विद्यार्थी बरेच आले होते, कुणी बँकेतून, कुणी शाळेतून परस्पर. कविवर्य उठला. शाल सावरली. आणि त्यानं जे वीस वर्षं उघड सांगितलं नव्हतं ते सांगितलं, "माझ्या कवितेतली ती... ती हीच." हॉलमध्ये उसासा उठला. तो म्हणाला, नियतीनं आम्हाला वेगळं केलं. नियतीनं! तो म्हणाला, ती शेवटपर्यंत एकटी राहिली, तिनं ती ज्योत विझू दिली नाही. मला समोरच्या तांब्याकडे बघवेना, उचलून फेकावासा वाटत होता. मग त्यानं कविता म्हटली. चिता, वस्त्र, वारा, सगळं. आवाज नेमका जिथं कापायचा तिथं कापला. शेवटची ओळ संपवून त्यानं डोळे मिटले आणि उसाशांसाठी जागा सोडली.

मी खुर्ची मागे सरकवली होती. मी उठत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"आणि ती?"

एकाचा नव्हता, चाळीस-पन्नास जणांचा असेल. ठरवून नाही. मी नंतर विचारलं सगळ्यांना, कुणी काही ठरवलं नव्हतं. कविता संपली, वाचणारा थांबला, आणि सवयीनं तोंडातून गेलं. बोलून झाल्यावर तेच दचकून एकमेकांकडे बघायला लागले. कविवर्यानं डोळे उघडले. त्याला वाटलं दाद आली, म्हणून त्यानं मान किंचित झुकवलीही, आणि मग त्याला प्रश्न कळला. मी पाहिलं, त्याला खरंच माहीत नव्हतं. ती दिवाळीपर्यंत रडली, बाबाजींनी रिकामा माग हाणला, ती लुना शिकताना बर्डीच्या उतारावर पडली, यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं. दाराशी उभा असलेला रामभाऊ, जो कधी सभेत बोलला नव्हता, तिथूनच म्हणाला, "घरी होती जी. गोळीबार चौकात. सगळ्याइले माहीत होतं." अध्यक्षांनी घाईघाईनं दोन मिनिटं मौन जाहीर केलं. आम्ही सगळे उभे राहिलो आणि कविवर्य शालीचं टोक धरून खाली बघत राहिला.

पेंटरला दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी फक्त नाव आणि विषय लिहायला सांगितलं. फोटो आता तिच्या वर्गात आहे, फळ्याच्या उजव्या अंगाला. फोटोतही ती जरीच्या काठाच्याच पातळात आहे.

माझा राग मात्र गेला नाही. मला वाटलं होतं त्या दिवसानंतर जाईल. लोक अजून भेटतात आणि हृदयाचंच बोलतात. म्हणून तर हे लिहायला बसले. कुणीतरी लिव्हर लिहायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात तिची जागा रिकामी म्हणून तिचा तास मला दिला. वर्गात मुलं होती ती दुसऱ्या वर्षाची, गेल्या साली तिच्या हाताखालून गेलेली. मी मराठीतली एक जुनी विरहाची कविता काढली आणि वाचली. बरी वाचली. शेवटची ओळ संपली, मी पुस्तक मिटलं, आणि सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "आणि ती?"

म्हणून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय विचारलं ते. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं तोंडावर हात ठेवला. मला हा प्रश्न त्याला विचारायचा होता. मला कुणी विचारेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मार्चपर्यंत याच खोलीत होती," मी म्हटलं. पलीकडची माझी खोली रिकामी होती, भिंतीतून काही आवाज येत नव्हता. मी तशीच टेबलाची कड धरून मुलांसमोर उभी राहिले.